प्रभागात उभी राहणार असशील तर

पोरी, १५ जानेवारी २०२६चं मतदान झालं, निकाल लागला, आणि आता तू म्हणतेस, मावशी, पुढच्या वेळी मी उभी राहते. फार बरं वाटलं ऐकून. मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षं आपल्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. नळ, गडर, कचरा, दिवाबत्ती, सगळ्यासाठी झोन कार्यालयाच्या दारात जाऊन बसावं लागलं. त्या काळात तू लिहिलेले अर्ज आणि बायकांना घेऊन मारलेल्या चकरा वस्तीने पाहिल्या आहेत. तुझा हक्क बनतो. पण एक गोष्ट आजच मनात पक्की कर: आपली वस्ती एकटी तुला निवडून देऊ शकत नाही.

हिशेब साधा आहे. नागपूर महापालिकेत १५१ जागा आणि ३८ प्रभाग. एक प्रभाग तीन सदस्यांचा, बाकी सगळे चार सदस्यांचे. २०११च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तर चार सदस्यांच्या एका प्रभागात साठ-पासष्ट हजार माणसं येतात. आपली वस्ती कितीही दाट असली तरी त्यातला एक तुकडा. एका सदस्याचा वॉर्ड होता तेव्हा दोन-तीन मोहल्ल्यांनी ठरवलं की आपला माणूस निघत होता. आता वस्तीच्या चारही बाजूंचे ले-आऊट, अपार्टमेंट, जुन्या चाळी, दुसऱ्या समाजाची दुसरी वस्ती, हे सगळं तुझ्याच प्रभागात आहे आणि तिथे तुला कोणी ओळखत नाही. आपले कितीतरी चांगले कार्यकर्ते इथेच पडले. वस्तीत सगळे हात वर करत होते, म्हणून त्यांना वाटलं जिंकलो.

तर पुढची पाच वर्षं रस्त्याच्या पलीकडे जाण्यात घालव. कसं जायचं ते सांगते. रामनगर-हिलटॉपसारख्या ले-आऊटमध्ये सकाळी भांडी घासायला, स्वयंपाकाला कोण जातं? आपल्याच बायका. त्या घरांना कोणत्या वेळी पाणी येतं, कोणाच्या दारासमोर गडर तुंबतं, कोणत्या म्हाताऱ्या बाईला पेन्शनच्या कागदासाठी कोणी नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्यांच्याकडून समजून घे. मात्र कामावरच्या बाईला मालकिणीकडे तुझा प्रचार करायला सांगू नकोस, कधीच नाही. तिची रोजी त्या घरावर आहे. विदर्भ मोलकरीण संघटनेने आणि रूपाताई कुळकर्णी-बोधींनी इतकी वर्षं झगडून या बायकांना कामगार म्हणून मान मिळवून दिला. तो मान तुझ्या मतांसाठी पणाला लावायचा नाही. तू स्वतः जा, स्वतःचं नाव सांग, आणि एखादं काम घेऊनच जा.

आणि काम असं शोध की वस्तीचं आणि ले-आऊटचं एकच असेल. मला विचारशील तर ते काम गडरचं. एक दिवस चेंबरपासून चेंबरपर्यंत पायी चाल. ले-आऊटच्या मागच्या गल्लीतून लाईन निघते, वस्तीच्या बोळीतून जाते आणि पुढे नाल्याला किंवा मोठ्या लाईनला मिळते. झाकण काढून बघ: वरच्या चेंबरमध्ये पाणी थांबलेलं असेल आणि खालचं कोरडं दिसलं, तर तुंबलंय ते त्या दोघांच्या मधे. खालचंही काठोकाठ भरलेलं असेल तर अडचण अजून पुढे आहे. वरचे लोक म्हणतात झोपडपट्टीवाले कचरा टाकतात, आपले म्हणतात बंगल्यांची घाण आमच्या दारात येते. खरी गोष्ट बहुतेक वेळा अशी असते की जुनी बारीक लाईन आहे आणि तिच्यावर घरं वाढत गेली. हा नकाशा हाताने काढ, चेंबरला नंबर टाक, कोणत्या महिन्यात कोणतं तुंबलं ते लिही. पावसाळ्याआधी दोन्हीकडच्या सह्यांचा एकच अर्ज झोनच्या सहायक आयुक्तांकडे ने. बंगल्यातले निवृत्त साहेब आणि वस्तीतला हमाल एकाच कागदावर सही करतील त्या दिवशी तुझ्या निवडणुकीची खरी सुरुवात झाली असं समज.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी सुटलं, नाग नदी घरांत शिरली, तेव्हा बंगला आणि झोपडी दोन्ही बुडाले. सरकारने घरामागे दहा हजारांची तातडीची मदत जाहीर केली आणि लगेच पंचनाम्यांची धावपळ सुरू झाली. अशा वेळी ज्या वस्तीकडे घरवार यादी तयार असते तिचं काम पुढे जातं. भाडेकरू कोण, घरमालक कोण, आधार कोणाच्या नावावर, खातं कोणत्या बँकेत, हे ज्या वहीत आहे ती वही कोणत्याही भाषणापेक्षा मोठी. तुझी वही मी पाहिली आहे. तिच्यात ले-आऊटची पानं वाढव.

आपल्या शहरात हे नवीन नाही, म्हणून थोडं मागचं सांगते. कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे, ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द ज्यांनी रुजवला, त्यांनी आधी विडी कामगारांची संघटना बांधली आणि मग १९३७ची प्रांतिक निवडणूक लढवून जिंकले. संघटना आधी, उमेदवारी नंतर. दोनच वर्षांनी, १९३९च्या जानेवारीत, वयाच्या पस्तिशीतच ते गेले. तरी कन्हानकाठी आजही लोक जमतात. दुसरे सदानंद फुलझेले. १९५६ला ते नागपूरचे उपमहापौर होते, वय तिशीच्या आत. १४ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली, त्या सोहळ्याच्या तयारीत वामनराव गोडबोल्यांबरोबर फुलझेले होते, आणि दुसऱ्या दिवशी नागपूर महापालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिलं. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचं काम केलं. महापालिकेतली खुर्ची किती दिवस होती हे आज कोणी विचारत नाही. ती हातात असताना तिचा उपयोग कशासाठी केला, ते सगळ्यांना माहीत आहे.

आता कागद. इथे मी तुला जरा जास्त वेळ धरून ठेवणार आहे, कारण गरीब उमेदवार मतांनी कमी आणि कागदांनी जास्त पडतो.

वय एकवीस पूर्ण आणि शहराच्या मतदार यादीत नाव, हे झालंच. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं मूल झालं असेल तर उभं राहता येत नाही. तुझा प्रश्न नाही, पण पॅनलमधल्या दुसऱ्या कोणाचा असू शकतो, आधीच विचारून घे. महापालिकेची थकबाकी नको. घरटॅक्स, पाणीपट्टी, सासऱ्याच्या नावावरचं जुनं बिल, सगळं बघ आणि थकबाकी नसल्याचा दाखला वेळेत काढ. शौचालय वापराचं प्रमाणपत्र लागतं. राखीव जागेवर उभी राहणार असशील तर जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात पडताळणी लागते. वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर जिंकलेली जागा जाते, आणि सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊनही ती परत मिळालेली नाही अशी माणसं आहेत. वडलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला, जुना महसुली कागद, हे गावाहून आणायला महिने लागतात. आजच सुरू कर.

पुढच्या दोन गोष्टी कोणी सांगत नाही. महापालिकेच्या कोणत्याही कंत्राटात उमेदवाराचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असला तर तो अपात्र ठरतो. तुमच्या बचत गटाकडे महापालिकेचं एखादं काम असेल तर वकिलाला दाखव आणि अर्जाच्या बऱ्याच आधी रीतसर बाहेर पड. तोंडी बाहेर पडणं चालत नाही. दुसरी गोष्ट घराची. नगरसेवकाने, त्याच्या जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने अनधिकृत बांधकाम केलं असेल तर पद जाऊ शकतं. वस्तीतल्या माणसासाठी ही तलवारच आहे. पट्टा मिळालाय का, किती जागेचा, वर चढवलेली खोली कशात बसते, हे निवडून आल्यावर विरोधक शोधतील. त्यांच्याआधी तू शोध.

पट्ट्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगते. प्रचारात पट्ट्याचं वचन देऊ नकोस. नागपुरात चारशेंहून जास्त झोपडपट्ट्या आहेत आणि प्रत्येकीखालची जमीन वेगळ्या धन्याची: कुठे महापालिका, कुठे नागपूर सुधार प्रन्यास म्हणजे नासुप्र, कुठे नझूल, कुठे रेल्वे, कुठे झुडपी जंगल, कुठे खासगी. महापालिकेच्या जागेवर नगरसेवक जोर लावू शकतो. नासुप्र आणि नझूलमध्ये पाठपुरावा करू शकतो. रेल्वेच्या जागेवर पट्टा देतो असं जो म्हणतो तो खोटं बोलतो. लोकांना हे समजतं गं. सातबारा किंवा आखीव पत्रिका काढून, जमीन कोणाची, मोजणी झाली का, फाईल कोणत्या टेबलवर आहे, एवढं ज्या बाईने सांगितलं तिच्यावर विश्वास बसतो. गुंठेवारीच्या ले-आऊटमधल्या लोकांचंही तेच, त्यांना आरएल लेटरसाठी, म्हणजे नियमितीकरणाच्या पत्रासाठी, वर्षानुवर्षं फिरवलं गेलं. त्यांची कागदाची भूक आणि आपली एकच आहे. रस्त्यापलीकडे जायला हा दुसरा दरवाजा.

मतदार यादीकडे आत्तापासून लक्ष ठेव. महापालिकेची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेची यादी प्रभागात वाटली जाते. या वेळी १ जुलै २०२५ची यादी धरली होती. त्यानंतर ज्यांनी नाव घातलं त्यांचं मत या निवडणुकीत नव्हतं. सीमेवरच्या गल्ल्या शेजारच्या प्रभागात जाऊन पडतात आणि हरकतीला दिवस थोडे मिळतात. आपल्या सुनांची नावं माहेरच्या गावात, पोरं अठरा पूर्ण होऊनही यादीत नाहीत, घर बदललेल्यांची नावं जुन्या पत्त्यावर. नवीन नावाला फॉर्म ६, बदलाला फॉर्म ८. बीएलओ, म्हणजे आपल्या बूथची यादी सांभाळणारी, कोण आहे ते शोधून तिच्याशी नीट बोल. ती बहुतेक अंगणवाडीची ताई किंवा शिक्षिका असते, तिच्यावरही कामाचा डोंगर असतो. वर्षातून एकदा संपूर्ण यादी घेऊन दारोदारी जा. तुला मत देणारा आणि न देणारा, दोघांचीही नावं घाल.

कोणत्या जागेवरून उभी राहशील हे आज ठरवता येत नाही. सोडत निघते, या वेळी नोव्हेंबर २०२५मध्ये निघाली, आणि अ, ब, क, ड यातली कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला, कोणती महिलेला, ते तेव्हा कळतं. म्हणून आपल्या संघटनेने एकाच नावावर बसू नये. दोघी-तिघांना तयार करा. सोडत तुझ्याविरुद्ध गेली तर दुसरीसाठी तुला तेवढ्याच जोराने फिरावं लागेल, आणि ते आत्ता सगळ्यांसमोर बोलून ठेव. सोडतीनंतर भांडण झालेल्या संघटना मी पाहिल्या आहेत, त्या परत उभ्या राहिल्या नाहीत.

पक्ष की अपक्ष, हे मी सांगणार नाही. तुझा विचार तुझा. वेळेचं गणित तेवढं सांगते. या वेळी अर्ज २३ ते ३० डिसेंबर, चिन्हं ३ जानेवारीला, मतदान १५ला. अपक्षाला नवीन चिन्ह साठ हजारांच्या प्रभागात पोचवायला बारा दिवस. पक्षाकडे चिन्ह आधीपासून असतं, पण एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, शेवटच्या दुपारपर्यंत कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही, आणि फॉर्म देणारा पुढे सभागृहात हात कुठे वर करायचा तेही सांगतो. अपक्ष राहिलीस तर तिन्ही-चारही जागांवर कष्टकऱ्यांचं पॅनल उभं करण्याचा प्रयत्न कर. एकच जागा लढवलीस तर तीन मतं दुसरीकडे आणि एक तुला अशी वाटून द्यायला लोक विसरतात.

यंत्रावरचं मतदान शिकवावंच लागतं. मी कितीतरी बूथवर प्रतिनिधी म्हणून बसले आहे, दर वेळी तेच दिसतं. बाई आत जाते, ओळखीच्या चिन्हाचं एक बटण दाबते आणि निघते. मशीन गप्प. अधिकारी मागून हाका मारतात, बाहेर लाईन ओरडते, ती घाबरते आणि दिसेल ते बटण दाबून मोकळी होते. चार जागांच्या चार मतपत्रिका: अ पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. प्रत्येकीवर एक बटण, नको असेल तर नोटा, आणि चारही झाल्यावरच बझर वाजतो. अंगणात खडूने चार रकाने काढ, रंगीत कागद लाव, आणि म्हाताऱ्या बायकांना बोट ठेवायला लाव. चौथ्यानंतर तोंडाने पीऽऽ म्हण. हसतील, पण लक्षात ठेवतील. ‘बझर ऐकल्याशिवाय बाहेर यायचं नाही, माय’ एवढं एक वाक्य प्रत्येक घरात गेलं पाहिजे.

लोकांना भेटायची वेळ त्यांच्या कामाप्रमाणे ठरव. कळमना बाजाराचे हमाल पहाटेच निघून जातात, ठिय्यावरचे मजूर सकाळी आठला ठिय्यावरच भेटतात आणि नऊनंतर ज्यांना काम मिळालं नाही ते उरतात. त्यांच्याशी त्या वेळी मतांचं बोलू नकोस, त्यांचं ऐक. कामवाल्या बायका दुपारी दीड-दोनला परततात, जेवू दे, मग जा. महापालिकेच्या सफाई कामगारांचे मोहल्ले पहाटे रिकामे असतात. त्यांच्यातले कितीतरी वर्षानुवर्षं ऐवजदार म्हणून राबले, कायम होता होता केस पिकले. त्यांना तुझ्यापेक्षा महापालिका जास्त माहीत आहे. कोणत्या गल्लीत गाडी येत नाही आणि का येत नाही, ते त्यांना विचार.

पैशांचं. उमेदवारीची अनामत पाच हजार, महिला आणि राखीव प्रवर्गाला अडीच हजार. नागपूरला या वेळी खर्चाची मर्यादा पंधरा लाख होती. तो आकडा ऐकून छाती दडपू देऊ नकोस; ती मर्यादा आहे, तेवढा खर्च करायलाच हवा असं नाही. बचत गटाच्या पैशाला हात लावायचा नाही, दागिना गहाण ठेवायचा नाही, सावकाराकडे जायचं नाही, ठेकेदाराचा रुपया घ्यायचा नाही. घराघरातून दहा-वीस-पन्नास घे, पावती दे. ज्याने वीस रुपये दिले तो तुझं मत मोजायला येतो. निवडणुकीचं वेगळं बँक खातं उघड, रोज रात्री खर्च लिही, आणि जिंक किंवा हर, निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दे. नाही दिला तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवतात. हरलेले लोक घरी बसतात, हिशेब विसरतात आणि पुढची निवडणूकही गमावतात.

शेवटच्या रात्री पाकिटं फिरतील. ‘त्यांचं घ्या आणि मत आम्हाला द्या’ असं तोंडातून काढू नकोस. घेणंही गुन्हा आहे, आणि गरिबाला गुन्ह्यात ढकलणारी तू नाहीस. त्या रात्री घराघरात आपल्या बायका बसलेल्या असल्या पाहिजेत, एवढंच बघ.

लोकांपुढे मागणी कशी मांडायची, तेही सांगते. पुण्यात जन्मलेली, मुंबईत वाढलेली क्षमा सावंत २०१३ साली अमेरिकेत सिएटल शहराच्या कौन्सिलवर निवडून आली. तिची मागणी आकड्यात होती, तासाला पंधरा डॉलर किमान वेतन, आणि पुढच्याच वर्षी शहराने तसा कायदा केला. पगारातून कामगाराला मिळतं तेवढंच ठेवून उरलेलं ती चळवळीला देत असे. तिचं राजकारण तुला पटो न पटो, आकड्यातली मागणी उचल. ‘विकास करू’ याने काही होत नाही. ‘या सतरा गल्ल्यांची गडर लाईन बदलू आणि नळाला या वेळेला पाणी आणू’, हे लोक पाच वर्षं लक्षात ठेवतात आणि जाब विचारतात.

आणि जावईबापूंशी आत्ताच बोल. अर्ध्या जागा महिलांच्या आहेत, पण झोनमध्ये फोन नवरा करतो, बैठकीत तोच बसतो, बाई सहीपुरती. तू निवडून आलीस तर महालातल्या टाऊन हॉलमध्ये प्रश्न तू विचारशील, पत्रावर तुझीच सही आणि तुझाच फोन नंबर. मग स्वयंपाक, पोरांची शाळा, सासूबाईंचं औषध कोण बघेल, हे दोघांनी मिळून आज ठरवा. प्रचारात तो फिरला तर उत्तम, पण घर सांभाळलं तर त्याहून उत्तम.

पहिल्यांदा हरशील असं धरून चाल. ए. बी. बर्धन १९५७ला नागपुरातून अपक्ष म्हणून विधानसभेवर गेले, नंतर लोकसभेला हरलेही. पण कामगार संघटना सोडली नाही, पुढे देशभराची आयटक सांभाळली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुझी सगळी पोस्टरं आणि दोऱ्या स्वतः काढ आणि सोमवारी झोनमध्ये नेहमीसारखा अर्ज घेऊन जा.

आता लगेचचं काम. झोनमध्ये माहिती अधिकाराचा अर्ज टाक: गेल्या पाच वर्षांत आपल्या प्रभागात कोणती कामं मंजूर झाली, कोणत्या गल्लीत, किती रकमेची, ठेकेदार कोण, बिल कधी निघालं, आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराला तीस दिवस. यादी आली की ती घेऊन प्रत्येक गल्लीत जाऊन बघायचं, काम खरंच झालंय का. अर्जाचा मसुदा मी करून ठेवते. रविवारी ये, येताना प्रभागाचा नकाशा आणि तुझी वही आण, आणि ले-आऊटमधली ती पेन्शनवाली म्हातारी यायला तयार असेल तर तिलाही घेऊन ये.